लहान यंत्रे आणि त्यांचे दुभाषे



शाळेच्या या स्मृती-व्याख्यानमालेत इतिहासाचा एखादा विषय मांडावा, अशी सूचना मला झाली. ग्वाल्हेरात इतिहास म्हटला की किल्ला, शिंदे घराणे आणि गायकी हे तीन विषय आपोआप समोर उभे राहतात. त्यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या सभागृहातच बसलेली आहेत. मी जन्मभर इलेक्ट्रॉनिक्स शिकविले. तेव्हा माझ्या परिचयाच्या एका लहानशा इतिहासाकडे आपले लक्ष वेधण्याची परवानगी मागतो. तो जेमतेम साठ वर्षांचा आहे. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न या शाळेतील प्रत्येक मुलाच्या भवितव्याशी निगडित आहे, असे मला वाटते.

आपल्या घरातील धुलाईयंत्र, भिंतीवरील विजेचे मीटर, मोटारीतील अनेक भाग, या सर्वांच्या पोटात एक चिमुकला संगणक असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. गणित करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडणारी दारे हे सारे एकाच चकतीवर सामावलेले असते. या लहान यंत्राशी माणसाने कोणत्या भाषेत आणि कोणाच्या मध्यस्थीने बोलावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

भाषांतरकार आणि दुभाष्या

यंत्राला मूलतः आकडेच कळतात. माणसाला शब्द हवे असतात. म्हणून माणसाने शब्दांत लिहिलेली आज्ञावली आकड्यांत उतरविण्यासाठी कोणीतरी मध्ये लागतो. ही मध्यस्थी दोन तऱ्हांनी होते, आणि ग्वाल्हेरकरांना त्यांतील भेद समजावण्यासाठी दूर जावयास नको.

येथून जवळच असलेल्या सालबाई गावी १७ मे १७८२ रोजी मराठे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. मध्यस्थ होते महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील होता डेव्हिड अँडरसन. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची इंग्रजी आणि राजकारणाची सामायिक भाषा फारसी. अशा वाटाघाटींत दोन प्रकारची कामे असतात. पहिले काम मुनशीचे. तो संपूर्ण मसुदा पुढे घेतो, निवांत बसून दुसऱ्या भाषेत उतरवितो आणि तयार कागद हाती देतो. तो कागद वाचताना मुनशी हजर असण्याची गरज नसते. दुसरे काम दुभाष्याचे. तो बोलणाऱ्यांच्या शेजारी उभा राहतो, एक वाक्य ऐकतो, त्याचा अर्थ सांगतो, उत्तर ऐकतो, तेही सांगतो. बोलणे चालू आहे तोवर त्याला तेथून हलता येत नाही.

संगणकशास्त्रात मुनशीला कंपायलर म्हणतात आणि दुभाष्याला इंटरप्रिटर. मुनशीने उतरविलेली आज्ञावली वेगाने धावते, कारण भाषांतर आधीच झालेले असते. पण एक शब्द बदलावयाचा तरी सारा कागद पुन्हा त्याच्याकडे न्यावा लागतो. दुभाष्याच्या हाती काम संथ चालते, शिवाय त्याला यंत्राच्या स्मृतीत बसावयास स्वतःची जागा लागते. पण विचारलेल्याचे उत्तर तेथल्या तेथे मिळते, चुकीचा शब्द तेथल्या तेथे सुधारता येतो.

मोठ्या संगणकावर दुभाष्याला जागा देणे अवघड नव्हते. लहान यंत्रावर मात्र जागेची मोठीच अडचण होती. १९८० साली इंटेल कंपनीने ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला आणि पुढे अनेक पिढ्यांनी त्यावर धडे गिरविले. त्यात आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी १२८ बाइट स्मृती होती. देवनागरीचे एक चिन्ह साठवावयास आज प्रचलित असलेल्या युनिकोड पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे त्या स्मृतीत एक ओवीही धड मावली नसती. एवढ्याशा खोलीत मालकालाच पाय पसरता येत नाहीत, तेथे दुभाष्याला कोठे बसविणार? हा जाणकारांचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. तरीही दुभाष्या पुनःपुन्हा त्या खोलीत येऊन बसला. तो का, हे आता पाहू.

चंद्राच्या वाटेवर

पहिले उदाहरण या आक्षेपाला उलटे उत्तर देणारे आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ यान चंद्रावर उतरले, त्या यानातील मार्गदर्शक संगणक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत घडविला होता. त्याची बदलती स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची. शब्द म्हणजे येथे १५ बिटांचा एक आकडा. कायम स्मृती तर तारा अक्षरशः विणून तयार करीत असत.

या यंत्राच्या मूळ आज्ञा फार तुटपुंज्या होत्या. अवकाशातील दिशा आणि वेग यांचे एक साधे गणित मांडावयाचे तरी मूळ आज्ञांची लांबलचक रांग लागे, आणि तेवढी रांग ठेवावयास जागा नव्हती. तेव्हा तेथील अभियंत्यांनी गणिताची एक संक्षिप्त भाषा रचली आणि ती वाचणारा दुभाष्या यानातच बसविला. 'या दोन दिशांचा गुणाकार कर' एवढे एका आज्ञेत सांगता येऊ लागले. काम संथ झाले, पण आज्ञावली आखूड झाली. जागा वाचविण्यासाठीच दुभाष्याला जागा दिली गेली!

येथे त्या अभियंत्यांचे तारतम्यही लक्षात घेण्यासारखे आहे. मार्गाचे गणित क्षणभर उशिरा झाले तर चालत होते, म्हणून ते दुभाष्याकडे. इंजिनाला क्षणाक्षणाला द्यावयाच्या आज्ञा मात्र थेट यंत्रभाषेत. कोठे दुभाष्या आणि कोठे थेट भाषण, याचा हा विवेक पुढील साऱ्या इतिहासात उपयोगी पडणारा आहे.

दुर्बिणीच्या शेजारी

दुसरे उदाहरण खगोलशास्त्राचे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. असे यंत्र चालविणाऱ्याची गरज काय असते? आकाश थांबत नाही. निरीक्षणाची रात्र ठरलेली असते. मोजणीत काही विलक्षण दिसले तर त्याच घटकेला दुर्बीण थोडी वळवून पाहावी लागते. आज्ञावली मुनशीकडे पाठवून सकाळपर्यंत थांबणे परवडत नाही.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीसाठी १९७०च्या सुमारास चार्ल्स मूर यांनी याच गरजेतून फोर्थ नावाची भाषा वापरात आणली. एलिझाबेथ रॅदर यांनी तिच्या प्रसारास मोठा हातभार लावला. तिचे नाव खरे पाहता 'चौथी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे. पण मूर यांच्या संगणकावर नावाला पाचच अक्षरे चालत, म्हणून एक अक्षर गाळावे लागले. फोर्थमध्ये एक शब्दकोश असतो. आपण नवा शब्द जुन्या शब्दांनी समजावून सांगावयाचा. यंत्र तो लक्षात ठेवते आणि पुढच्या वाक्यापासून वापरते. सारा दुभाष्या काही किलोबाइटांत मावतो.

मराठी माणसाला या भाषेत आणखी एक गंमत आढळेल. आपण 'पाच आणि तीन यांची बेरीज कर' असे म्हणतो. क्रियापद शेवटी येते. फोर्थमध्येही आधी पाच, मग तीन आणि शेवटी बेरजेचे चिन्ह लिहितात. इंग्रजी बोलणाऱ्याला ही रचना उलटी वाटते. आपल्याला ती घरची वाटावयास हवी. शिवाय तिच्या शब्दकोशात शब्द कोणत्या अक्षरांनी बनावा यावर फारसे बंधन नाही. दोन शब्दांत मोकळी जागा सोडली की झाले. देवनागरी अक्षरे स्वीकारणाऱ्या यंत्रावर 'दिवा' आणि 'लाव' हे शब्द विद्यार्थ्याने स्वतः शिकविले, तर 'दिवा लाव' हे मराठी वाक्य ती आज्ञा म्हणून स्वीकारते.

ही भाषा पुढे किती दूर गेली पाहा. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फिली नावाचे छोटे यान एका धूमकेतूवर उतरले. त्यावरील प्रक्रियक फोर्थ भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच रचलेले होते. दुर्बिणीच्या शेजारी जन्मलेली भाषा अखेर आकाशात जाऊन पोचली.

शाळेत आलेला दुभाष्या

आता आपल्या देशाकडे वळू. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही वापरता यावी म्हणून बेसिक ही भाषा तयार केली. दहा-बारा वर्षांनी लहान संगणक आले, तेव्हा काही हौशी मंडळींनी तिचे इवलेसे दुभाषे लिहिले आणि ते नियतकालिकांतून सर्वांसाठी छापून टाकले. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे. ज्ञान असे मोकळे केल्याने केवढे काम होते, याचा तो एक नमुना होता.

१९८१च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक आला. तो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनविला होता. त्याचा प्रक्रियक ६५०२ जातीचा आणि स्मृती ३२ किलोबाइट. बेसिकचा दुभाष्या, जो सोफी विल्सन यांनी लिहिला होता, १६ किलोबाइटांच्या कायम स्मृतीत मुक्कामाला असे. कळ दाबताच पडद्यावर एक खूण उमटे आणि यंत्र 'बोला' म्हणून थांबे. पाच अधिक तीन विचारा, आठ असे उत्तर लगेच खाली येई. यंत्राच्या बुडाशी तारा जोडण्याची दारेही होती. त्यांना दिवा, मोटार, तापमापक जोडून ती बेसिकच्या दोन-चार ओळींत चालविता येत.

हेच यंत्र भारतीय शाळांत आले. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने 'क्लास' या नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांचा तो संयुक्त उपक्रम होता. सुरुवात सुमारे २५० शाळांपासून झाली. पुढे ही संख्या बरीच वाढली. आपल्या देशातील शाळकरी मुलांच्या एका पिढीने संगणकाशी पहिले शब्द उच्चारले ते या दुभाष्यामार्फत, आणि ही घटना आपल्या शैक्षणिक इतिहासात जितकी नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेली नाही.

तिचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी वरच्या वर्गांत काय चालत होते ते सांगतो. मी ज्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत होतो तेथे ८०८५ प्रक्रियकाचे शिक्षणसंच होते. त्यांवर सोळा अंकांची कळपट्टी आणि लाल आकड्यांची सहा घरे, एवढेच. विद्यार्थी प्रथम वहीत आज्ञा लिहीत, मग तक्त्यात पाहून प्रत्येक आज्ञेचा आकडा शोधीत, मग एकेक आकडा कळपट्टीवरून भरीत. चाळिसावा आकडा चुकला की यंत्र मुके होई; काय चुकले ते सांगत नसे. वीज गेली की सारे पुसले जाई, आणि वीज तर रोजच जाई. त्या पद्धतीने यंत्राचे अंतरंग पक्के समजते, हे मी नाकारीत नाही. ते शिकविण्यातच माझी नोकरी झाली. पण वर्गातील चाळिसांपैकी पाच-सहा मुलांनाच ते समजते आणि उरलेली परीक्षेपुरते पाठ करतात, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना गाण्याच्या तालमीचे उदाहरण पटेल. गुरू एक आवर्तन गातात, शिष्य ते उचलतो, चुकला तर गुरू तेथेच थांबवितात आणि तीच जागा पुन्हा घेतात. शिष्याने संपूर्ण ख्याल लिहून द्यावा आणि आठवड्याने 'चूक' एवढाच शेरा मिळावा, अशी तालीम कोणी दिली असती तर ग्वाल्हेर गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हातून महाराष्ट्रात पोचलीच नसती. शिकणाऱ्याला तत्काळ मिळणारे उत्तर ही चैन नसून ती शिक्षणाची अट आहे. यंत्राच्या बाबतीत ती अट दुभाष्या पुरी करतो.

तरीही शाळांतील तो प्रयोग अपेक्षेइतका फळला नाही. एका गावी शाळेला मिळालेला संगणक मी पाहिला आहे. तो भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली, कुलूप लावलेल्या खोलीत होता. मुले पादत्राणे बाहेर काढून, रांगेने, आठवड्यातून एकदा दर्शनाला यावीत तशी येत. बिघडला तर जबाबदार कोण, या धाकाने शिक्षकही त्याला हात लावीत नसत. शिक्षकांचे प्रशिक्षण अल्पकाळाचे होते आणि सारी भाषा इंग्रजी होती. दुभाष्या आत तयार होता. बाहेर त्याच्याशी बोलणारेच कोणी नव्हते. यंत्र पुरविले म्हणजे शिक्षण पुरविले, असे होत नाही.

ब्राझीलचा चंद्र आणि दिल्लीचा डोळा

याच सुमारास इंटेलने ८०५१चा मोठा भाऊ ८०५२ हा बेसिकच्या दुभाष्यासह विकावयास काढला. ८ किलोबाइटांत सारी भाषा! संगणकाचा पडदा आणि कळपट्टी एका तारेने जोडली की कारखान्यातील तंत्रज्ञ त्या चकतीशी थेट बोलू शके. १९९२ साली कॅलिफोर्नियातील पॅरॅलॅक्स कंपनीने बेसिक स्टॅम्प आणला. त्यात आज्ञावली सांकेतिक खुणांच्या रूपाने अवघ्या २५६ बाइटांत राही. अभियंत्यांनी त्याला खेळणे म्हणून हिणविले. हौशी मंडळी, शाळा आणि छोटे कारखानदार यांनी त्याला डोक्यावर घेतले.

१९९३ साली ब्राझीलमध्ये घडलेली घटना आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्या देशात संगणक आणि त्याच्या आज्ञावल्या परदेशातून आणण्यावर अनेक वर्षे कडक निर्बंध होते. आपल्याकडील परवाना-राज्याची आठवण व्हावी असे. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातील रॉबर्तो येरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुइस एन्रिक द फिगेरेदो यांनी तेथील तेल कंपनीच्या अभियंत्यांची गरज भागविण्यासाठी स्वतःच एक लहानशी भाषा रचली. तिचे नाव लुआ. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ चंद्र. तिचा दुभाष्या इतका आटोपशीर होता की तो पुढे जगभरच्या खेळांत आणि उपकरणांत शिरला, आणि २०१४च्या सुमारास बिनतारी जोडणीच्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरवरही जाऊन बसला. स्थानिक गरजेसाठी नेकीने केलेले काम जागतिक होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. नवी दिल्ली येथील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात डॉ. अजित कुमार यांनी फिनिक्स नावाचा प्रकल्प सुरू केला. प्रश्न साधा होता. महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचे प्रयोग जुन्या उपकरणांवर, ठरीव उत्तरांसाठी का चालावेत? त्यांनी मायक्रोकंट्रोलर असलेली एक स्वस्त पेटी तयार केली. ती लहान लहान आज्ञा ऐकते, व्होल्टता मोजते, वेळ मोजते. संगणकावर पायथन या भाषेचा दुभाष्या असतो आणि विद्यार्थी तेथून एकेक वाक्य पेटीला सांगतो. येथे दुभाष्या चकतीवर नसून शेजारच्या टेबलावर आहे, पण तत्त्व तेच. पेटीची रचना सर्वांसाठी खुली ठेवली गेली. पुढे तिचेच एक्सपायज हे रूप अनेक शाळा-महाविद्यालयांत गेले.

मुंबईत पवई येथे आय.आय.टी.मध्ये प्रा. कन्नन मौदगल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच वाट धरली. पोलादाची एक लहान पट्टी, ती तापविणारी तार, थंड करणारा पंखा आणि मध्ये मायक्रोकंट्रोलर, असे एक उपकरण त्यांनी केले आणि दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही आंतरजालावरून ते चालविता येईल अशी सोय केली. तेथीलच 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाने मोफत आज्ञावल्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिरूपाने उपलब्ध करून दिले. क्लास प्रकल्पात जी उणीव राहिली होती, ती भरून काढण्याकडे टाकलेले हे एक पाऊल होते.

खोली मोठी झाली

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जागेचा आक्षेपच ढिला पडला. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने २०१३ साली केंब्रिजमध्ये असताना पायथनचा दुभाष्या मायक्रोकंट्रोलरवर बसविण्याचा संकल्प सोडला आणि लोकवर्गणीचे आवाहन केले. १५ हजार पौंड मागितले होते. ९७ हजारांहून अधिक जमले. पुढील वर्षी मायक्रोपायथन सर्वांना खुले झाले. दिलेला मजकूर ते चकतीवरच संक्षिप्त खुणांत बदलते आणि मग खुणांमागून खुणा वाचीत काम करते.

२०१६ साली बीबीसीने आपला पस्तीस वर्षांपूर्वीचा उपक्रम नव्या रूपात आरंभिला. मायक्रोबिट नावाची हातात मावणारी पट्टी ब्रिटनमधील सुमारे दहा लाख मुलांसाठी मोफत देण्यात आली. तिची स्मृती अवघी १६ किलोबाइट, म्हणजे जुन्या बीबीसी मायक्रोच्या निम्मी. तरी तीत पायथनचा दुभाष्या बसला. जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको ही पट्टी निघाली, तीत २६४ किलोबाइट स्मृती होती आणि किंमत होती चार डॉलर. त्याच वर्षी २५ डिसेंबरला अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीवर निरीक्षणांचा क्रम जावास्क्रिप्ट भाषेतील संहिता वाचून चालविला जातो, कारण पंधरा लाख किलोमीटर दूर गेलेल्या यंत्राला नवी कामगिरी द्यावयाची तर सारी आज्ञावली बदलण्यापेक्षा नवी संहिता धाडणे सोपे. अपोलोपासून निघालेला धागा असा आजपर्यंत अखंड आलेला आहे.

आक्षेपांचा विचार

दुसरी बाजू सांगितली नाही तर हे व्याख्यान वकिली ठरेल. दुभाष्यामार्फत चाललेली आज्ञावली थेट यंत्रभाषेपेक्षा अनेकपट, कधी शंभरपटही संथ असते. असे अनेक दुभाषे अधूनमधून स्मृतीची झाडलोट करावयास थांबतात, आणि ते नेमके केव्हा थांबतील ते सांगता येत नाही. मोटारीच्या अपघातात हवेची पिशवी फुगविणारे यंत्र किंवा हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र क्षणाच्या अंशासाठीही थबकून चालणार नाही. लाखोंनी बनणाऱ्या वस्तूत चकतीमागे चार रुपये वाचले तर कारखानदार मुनशीकडेच जाईल आणि ते योग्यच होय. बॅटरीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रालाही दुभाष्याचा खर्च सोसत नाही. म्हणून अपोलोच्या अभियंत्यांचा विवेक आजही प्रमाण मानावा. जेथे यंत्राची घाई मोठी तेथे थेट भाषा. जेथे माणसाचे शिकणे किंवा शोधणे मोठे तेथे दुभाष्या.

मात्र दुभाष्यामार्फत शिकलेला विद्यार्थी कच्चा राहतो, हा आक्षेप मला मान्य नाही. लष्करातील आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. लहानपणी आजीने त्यांना शब्दागणिक अर्थ सांगितला, म्हणून ती कच्ची राहिली काय? उलट तीच पुढे इतरांची दुभाषी झाली. पहिला शब्द कळला की दुसऱ्याची भूक लागते. दिवा लागला की तो कसा लागला हे विचारावेसे वाटते, आणि तेथूनच यंत्रभाषेची वाट सुरू होते.

शून्याचा शिलालेख

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या किल्ल्यावरचा आहे. चतुर्भुज मंदिरातील विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा शिलालेख जगप्रसिद्ध आहे, कारण त्यात आज आपण लिहितो तसे शून्य दिसते. पण ते शून्य कशासाठी कोरले आहे? ज्योतिषाच्या एखाद्या गहन सिद्धान्तासाठी नव्हे. मंदिराला दिलेली बाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद होती, आणि रोज ५० माळा द्यावयाच्या होत्या, एवढाच तो हिशेब आहे. पंडितांची अंकपद्धती माळ्याच्या हिशेबापर्यंत उतरली होती, हे त्या शिलालेखाचे खरे वैभव. विद्या अशी रोजच्या हिशेबात उतरते तेव्हाच ती समाजाची होते.

लहान यंत्रांची विद्या अजून तशी उतरलेली नाही. आपल्या घरात, शेतावर, कारखान्यांत ही यंत्रे शेकड्यांनी आली. परंतु ती बंद पेट्यांच्या रूपाने आली. आपण त्यांच्या कळा दाबतो, त्यांना प्रश्न विचारत नाही. शेतातील ओलावा मोजून पंप बंद करणारे यंत्र बाहेरून विकत आणावे, की शाळेतील दहावीच्या मुलीने दोन दिवसांत जमवावे, हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. आपण यंत्रांचे ग्राहक राहणार की त्यांच्याशी बोलणारे होणार, हा तो प्रश्न आहे. २०१६ पासून देशातील अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. त्या प्रयोगशाळांनाही भरतकामाचे आच्छादन चढू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.

शाळेला माझ्या तीन विनंत्या आहेत. काही शे रुपयांच्या या पट्ट्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्याव्यात. एखादी जळाली तर ती जळण्यासाठीच होती असे समजावे. संगणकाच्या शिक्षकाबरोबर भौतिकशास्त्राच्या आणि मराठीच्या शिक्षकांनीही त्या वर्गात बसावे. आणि मुलांनी आपल्या आज्ञावलीतील नावे मराठीत ठेवली तर त्यांना रोखू नये. पायथनच्या मूळ आज्ञा इंग्रजीत आहेत, पण 'तापमान', 'दिवा', 'पाणी' ही देवनागरी नावे पायथन आणि मायक्रोपायथन दोन्ही बिनतक्रार स्वीकारतात. ज्या भाषेत मूल घरी विचार करते तिच्यातच त्याने यंत्राला पहिला प्रश्न विचारावा, यात कमीपणा नाही. इंग्रजी पुढे येईलच. ती येण्यापूर्वी कुतूहल मरू नये.

ज्या थोर शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे काम दुसरे काय असते? एका बाजूला अवघड विद्या, दुसऱ्या बाजूला बावरलेले मूल, आणि मध्ये उभे राहून वाक्यागणिक अर्थ सांगणारा शिक्षक. मूल बोलू लागले की तो बाजूला होतो. अशा सर्व दुभाष्यांना वंदन करून मी माझे भाषण पुरे करतो.